गोल नाही तर दाणा नाही

"उठा," ती म्हणाली. "काहून बसले अजून? तिसरा तास सुरू झाला."

मी उठलो. मुलाचा जुना जाडा कोट घातला, कानटोपी घातली, बर्फाचे बूट चढवले आणि स्वयंपाकघराच्या मागच्या दाराने गॅरेजमध्ये जाऊन बसलो. तिथे माझी घडीची खुर्ची कायम मांडलेली असते. एका बाजूला गाडीची जागा, एका बाजूला मोठा फ्रीजर, मध्ये मी. एप्रिल लागला होता, पण अमेरिकेतल्या आमच्या ट्रॉयमध्ये एप्रिल नुसता कॅलेंडरवर येतो. गॅरेजचं मोठं दार अर्धं उघडं ठेवायचं, हाही तिचाच नियम. पूर्ण बंद ठेवलं तर गोल होत नाही आणि पूर्ण उघडं ठेवलं तर समोरच्यांचा होतो.

आत तिची मॅच चालली होती. बर्फावरची हॉकी, चेंडूऐवजी चकतीची. दोन्ही टीमचे गोल सारखे, सीझनचा शेवटचा सामना, रविवारची दुपार. जिंकलो तर बाद फेरी, नाही तर पोरं आपापल्या घरी. आम्ही अमेरिकेत आलो तेव्हापासून आमची लाल जर्सीवाली टीम बाद फेरीत गेलेली तिने पाहिली नव्हती. तिला तेवढं एकदा बघायचं होतं. बाकी काशी-बिशी, नायगारा-बियगारा तिला काही बघायचं नव्हतं. नायगारा दाखवायला नेलं तेव्हा म्हणाली, "पाणी आहे. पडतं आहे. चला, मॅच आहे."

निघताना मी म्हटलं, "घोटभर चहा तरी घेऊन जाऊ दे."

"चहा गोल झाल्यावर. आन् लाटणं वाजल्याशिवाय आत यायचं नाही."

हे आमचं शेवटचं बोलणं. त्यात विशेष काही नाही. कितीतरी हिवाळे आम्ही हेच बोलत होतो.

इथल्या मराठी मंडळाच्या अंकासाठी एक बाई फोन करून म्हणाल्या, "काका, काकूंवर दोन पानं लिहा ना. त्या किती सोज्वळ होत्या, किती प्रेमळ होत्या." मी चौथी शिकलेला माणूस. नागपूरला एसटीच्या वर्कशॉपात गाडीखाली पडून जन्म गेला. लिहिणं माझं काम नाही. लिहायचंच तर खोटं कशाला लिहू? सोज्वळ ती नव्हती. प्रेमळ होती की नाही हे तिच्या शिव्या खाणाऱ्यांना विचारा. त्यात पहिला नंबर माझा, दुसरा रेफरीचा.

गॅरेजची भानगड अशी सुरू झाली. एका जानेवारीत मॅच चालू असताना ती मला म्हणाली, कचऱ्याचा डबा बाहेर ठेवून या. मी गेलो आणि इकडे गोल झाला. पुढच्या मॅचला मी मोरीत होतो, पुन्हा गोल. तिसऱ्यांदा मी दाराशी कुरिअरवाल्याशी खाणाखुणा करत होतो, पुन्हा गोल. मी परत येऊन सोफ्यावर बसलो आणि समोरच्यांनी दोन गोल मारले. तिने टीव्हीकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण मी कोण आहे हे तिला त्या दिवशी कळलं.

"तुम्ही आहे ती अडचण," ती म्हणाली.

आता गंमत बघा. ही बाई दीक्षा घेतलेल्या घरातली. हिच्या बापाने घरातले देव विसर्जन केले तेव्हा ही त्याच्या खांद्यावर होती, असं ती सांगायची. उपास नाही, नवस नाही, लिंबू-मिरची नाही, मांजर आडवं गेलं तर मांजराला हाड म्हणून पुढे जायची. नागपूरला शेजारच्या बाईने अंगात आल्याचं सोंग केलं तेव्हा हिने तिच्या डोक्यावर बादलीभर पाणी ओतलं आणि विचारलं, "गेली का?" आणि हीच बाई नवऱ्याला उणे तापमानात गॅरेजमध्ये बसवते.

मुलगा म्हणाला, "आई, ही सरळसरळ अंधश्रद्धा आहे."

"अंधश्रद्धा न बघता ठेवतात. मी बघितलं आहे. हा अनुभव आहे."

"बाबांच्या बाहेर जाण्याचा आणि गोलचा काय संबंध?"

"तुझ्या बापाचा कशाशीच संबंध नसतो. म्हणून तं त्यांना बाहेर बसवणं सोपं जातं."

मी कानटोपी विकत आणली.

समोरच्या घरात एक अमेरिकन म्हातारा राहतो. गाड्यांच्या कारखान्यात होता, आता एकटाच आहे. तोही याच टीमचा वेडा. त्याच्या गॅरेजमध्ये टीव्ही आहे आणि तो तिथेच पडलेला असतो. रस्ता ओलांडून त्याचा टीव्ही मला अंधुक दिसायचा. हे तिच्या लक्षात आलं तेव्हा तिने येऊन माझी खुर्चीच फिरवली. मी रस्त्याकडे पाठ करून, फ्रीजरकडे तोंड करून बसायला लागलो. त्या म्हाताऱ्याला वाटायचं मला घरातून काढलं आहे. एकदा येऊन मला बिअर देऊन गेला.

तिला इंग्रजी येत नव्हतं, त्याला मराठी येत नव्हतं, तरी दोघांचं हॉकीवर रोज बोलणं व्हायचं. ती पेपर आणायला बाहेर आली की तो तिकडून अंगठा खाली करायचा. ही छातीवर हात मारून कपाळाला लावायची. तो दोन्ही हातांनी गळा आवळून दाखवायचा, म्हणजे गोलकीपरचा. ही मान हलवायची आणि बाकामागे उभ्या माणसासारखी ऐटीत उभी राहून दाखवायची, म्हणजे दोष कोचचा. यात पंधरा-वीस मिनिटं जायची. सून खिडकीतून बघायची आणि पडदा ओढायची.

तो म्हातारा सीझनभर जर्सी धूत नसे. धुतली तर टीम हरते म्हणे. आणि बाद फेरी आली की दाढी करायची नाही, अशी इथे खेळाडूंची आणि शौकिनांची रीत आहे. हे मुलाने तिला समजावून सांगितलं तेव्हा ती कळवळली. "बिचारा," म्हणाली. "एवढा शिकलेला देश, आन् दाढीवर विश्वास ठेवतात."

मी तेव्हा कोट घालत होतो.

हा खेळ तिला कोणी शिकवला नाही. पहिल्या हिवाळ्यात मुलगा-सून कामाला, नात शाळेत, आम्ही दोघं घरात आणि बाहेर ढोपरभर बर्फ. रिमोटची बटणं दाबता दाबता दोन दांडगे पुरुष हातमोजे फेकून एकमेकांना बुकलताना दिसले. पट्ट्यापट्ट्यांच्या शर्टातल्या माणसाने त्यांना सोडवलं आणि दोघांना नेऊन काचेच्या पेटीत बसवलं. पेटीत बसून ते दोघं खाली माना घालून गप्प.

ती ताठ बसली. नागपूरला ती मनपाच्या शाळेत आया होती. म्हणाली, "अहो, ही तं शाळा आहे."

तिथून पुढे सगळं तिला आपोआप कळलं. एका मॅचचे तीन भाग असतात, ते तिचे तीन तास. मधली सुट्टी ती मधली सुट्टीच. कोच म्हणजे हेडमास्तर, कारण तो कोट घालून मागे उभा राहतो आणि काही करत नाही. रेफरी म्हणजे पट्टेवाला. "आमच्या शाळेतला पट्टेवाला बरा होता," असं ती दर मॅचला म्हणायची. "त्याला निदान घंटा कवा द्यायची ते कळत होतं."

मंडळातल्या बायकांना ती नियम समजावून सांगायची. आयटीत काम करणाऱ्या पोरी, पण ऑफसाइड कोणाला येत नव्हता. ही म्हणायची, "चकती म्हणजे वाढलेलं ताट. आधी ताट पंगतीत जाईल, मग पाहुणा. ताटाच्या आधी पाहुणा जाऊन बसला तं त्याला उठवतील का नाही?" पोरी म्हणायच्या, उठवतील. "मग तेच. आन् आपल्या दारातून चकती थेट त्यांच्या दारात ढकलली तं तेही चालत नाही. आपला कचरा दुसऱ्याच्या अंगणात ढकलायचा नाही." एका पोरीचा नवरा इतकी वर्षं हॉकी बघतो, त्याला हे बायकोने समजावलं, असं पुढे कळलं.

खेळाडूंची नावं तिला उच्चारता येत नव्हती. तिने आपली ठेवली. कॅप्टन तो थोरला. मारामारी करणारा तो पैलवान, त्याच्यावर तिचा जीव होता. आणि एक होता महागडा, देखणा, दुसऱ्या टीमकडून आणलेला. त्याचं नाव जावई. "मान बघा, पान बघा, आन् कामाला हात लावायला सांगितला तं रुसून बसते भैताड." या जावयाने वर्षभर तिचं रक्त आटवलं. गोलसमोर उभा राहून चकती आभाळात मारायचा. ती टीव्हीला हात लावून म्हणायची, "बाप्पा, गोल खाली आहे. खाली."

आणि बाकीच्या टीम म्हणजे भावकी. नदीपलीकडच्या कॅनडातले निळे, ते थोरली पाती. त्यांचा रुबाब मोठा, घरात काही नाही. शेजारच्या राज्यातले, ते धाकटी पाती, कालपर्यंत आपल्या जिवावर जगले आणि आता वर मान करून बघतात. शेवटच्या महिन्यात आपण जिंकून भागत नाही, भावकीही हरावी लागते. मग ती रोज सकाळी मुलाला विचारायची, "काल कोण मेलं?" सून पहिल्यांदा घाबरली होती.

आमचे लोक दर पौर्णिमेला एका हॉलमध्ये जमतात. वंदना होते, शेवटी सगळ्या जीवांचं भलं होवो म्हणतात. मार्चमध्ये मी तिच्या शेजारी बसलो होतो. सगळ्यांचं म्हणून झालं आणि ही हळूच म्हणाली, "निळे सोडून." पुढे बसून वंदना घेणाऱ्या गुरुजींनी मागे वळून बघितलं. हिने माझ्याकडे बघितलं, जसं काही मीच बोललो.

आता दाण्यांचं सांगतो.

मॅचला बसताना तिच्या एका बाजूला भाजलेल्या भुईमुगाच्या शेंगा, दुसऱ्या बाजूला लाटणं, मांडीवर वाटी. हात सारखा चालू. शेंग फोडायची, साल चोळून काढायचं, दाणा वाटीत. पण खायचा नाही. गोल झाला की मूठभर तोंडात टाकायची आणि उठून गॅरेजच्या दारावर लाटणं हाणायची, म्हणजे मी आत यायचं. मला उरलेले दाणे मिळायचे आणि चहा मिळायचा. गोल नाही तर दाणा नाही. तोंडाला पाणी सुटलं तरी नाही. नात एकदा वाटीत हात घालायला गेली तर तिच्या हातावर चापट बसली.

आता टीम हरली तर त्या दाण्यांचं काय करायचं? टाकायचे तर नाहीत. दुसऱ्या दिवशी मिक्सरमध्ये घालून त्यांचं कूट करायची. आणि आमची टीम हरायचीच जास्त. भाजीत कूट, कोशिंबिरीत कूट, आमटीत कूट. आम्ही उपास करत नाही, पण साबुदाण्याची खिचडी आमच्याइतकी कोणत्या उपासकऱ्यानेही खाल्ली नसेल. तरी उरायचं, मग डब्यात भरून गॅरेजमधल्या फ्रीजरमध्ये. सीझन कसा गेला हे मला पेपरात वाचावं लागत नव्हतं. फ्रीजर उघडायचा. एका साली मार्चमध्ये झाकण लागेना. सून म्हणाली, "आई, हे कूट संपवायचं कधी?"

"ते मला काहून विचारते? गोलकीपरला विचार."

एकदा नातीच्या डब्यात कुटाचे लाडू गेले आणि शाळेतून फोन आला. इथे काही पोरांना शेंगदाण्याने जीव घाबरा होण्याइतका त्रास होतो, म्हणून शाळेत नेत नाहीत. मला वाटलं ही आता शाळेला शिव्या घालणार. पण ती एकदम खचली. डबा तीनदा घासला, नातीचे हात घासले, दप्तर धुतलं. "पोराला काही झालं असतं तं," एवढंच म्हणत राहिली. आया होती ना. त्या दिवसापासून लाडू पोरांच्या वाट्याला गेले नाहीत. मोठ्या माणसांवर तिने दया केली नाही. मंडळाच्या प्रत्येक कार्यक्रमात शेंगदाण्याची चटणी आमच्याकडून. लोक म्हणायचे, काकू किती मनाने मोठ्या. मला माहीत होतं, आम्ही लागोपाठ पाच मॅच हरलो आहोत.

एकदा मुलाने तिला खऱ्या मैदानावर नेलं. एवढं मोठं सभागृह, लाल जर्सीतले हजारो लोक, आणि मधोमध नवी साडी, तिच्यावर लाल स्वेटर आणि मफलर घातलेली ही. तिसरा तास सुरू झाला तसं तिने माझ्याकडे बघितलं.

मी म्हटलं, "अगं इथे गॅरेज कुठून आणू?"

"मोकळी जागा आहे की मागे."

मी मागच्या बोळात गेलो. तिथे एक पहारेकरी बाई होती, काळी, माझ्या दुप्पट. मला हटकलं तिने. माझं इंग्रजी म्हणजे वर्कशॉपातलं, ब्रेक-क्लच-गिअर. मी म्हटलं, "माय वाइफ. आय सी, नो गोल. आय नो सी, गोल." ती माझ्याकडे बघत राहिली. मग हसायला लागली ती थांबेना. माझे दोन्ही खांदे धरून मला तिने भिंतीकडे तोंड करून उभं केलं, कारण बोळात वरती टीव्ही लावलेला होता. थोड्या वेळाने सगळी इमारत हादरली. त्या बाईने मला मागून मिठी मारली. मुलगा धावत आला, म्हणाला, "बाबा, आईने बोलावलंय." गेलो तर हिने मुठीतले दाणे पुढे केले. पिशवी तपासणाऱ्यांच्या हातून तिने शेंगा कशा आत नेल्या हे मी विचारलं नाही. मफलर मात्र तिचा एरवीपेक्षा जाड दिसत होता.

म्हणजे मैदानावर जाऊनही गोल मी बघितला नाही.

मुलाची बदली टेक्सासला, फ्रिस्कोला व्हायची होती. मोठं घर, थंडी नाही, आपली माणसं भरपूर. या उन्हाळ्यात जायचं ठरत होतं. मुलगा तिला पटवत होता. "आई, तिथे जवळच डॅलसला टीम आहे. हॉकीचीच."

"टेक्सासात बर्फ पडते का?"

"मैदानावर करतात, आई. मशीनने."

"मग ती त्यांना लखलाभ होवो. टीम बदलत नाही मी."

"यार, आई, एक टीम तर आहे."

"नवरा बदलता येतो एखाद वेळ," ती म्हणाली आणि माझ्याकडे नीट बघून पुढे म्हणाली, "तोही बदलला नाही मी. तं टीम काय बदलते."

नंतर तिने अट घातली. टीम यंदा बाद फेरीत गेली तर गुमान टेक्सासला येईन, गेली नाही तर मला इथून हलवायचं नाही. मुलगा जन्मात कधी हॉकी बघत नव्हता, तो मार्चपासून टीमला टाळ्या वाजवायला लागला. मी तिला खासगीत विचारलं, "खरंच जाशील?" म्हणाली, "एकदा पोरं शेवटी हात मिळवताना दिसली की झालं." बाद फेरीत दोन टीम बरेच दिवस एकमेकांशीच खेळतात, दात पाडतात, आणि संपलं की दोन्हीकडची पोरं रांग करून सगळ्यांशी हात मिळवत जातात. दुसऱ्यांच्या मॅचला ती हे बघायची. "मधल्या सुट्टीत मारामाऱ्या करून सुटताना खांद्यावर हात टाकून घरी जायची आमची पोरं," म्हणायची. "आपली पोरं त्या रांगेत बघायची आहेत मला."

तर तो रविवार.

मुलगा, सून, नात वाणसामान आणायला गेले होते. मी गॅरेजमध्ये, फ्रीजरकडे तोंड करून. आतून तिचा आवाज येत होता. "दे ना. त्याला दे. अरे थोरल्याला दे." मग म्हणाली, "याला काहून दिली?" म्हणजे चकती जावयाकडे गेली असणार. मग आवाज बंद झाला. मला वाटलं, श्वास धरून बसली आहे. बसायची तशी.

तेवढ्यात समोरच्या म्हाताऱ्याने त्याच्या ट्रकचा हॉर्न वाजवला. थांबेचना. मी समजलो. मी उठून दाराजवळ गेलो आणि लाटण्याची वाट बघत उभा राहिलो.

लाटणं वाजलं नाही.

न वाजता आत गेलो तर काय होतं हे मला माहीत होतं. मागे एकदा गेलो होतो, लगेच समोरच्यांनी बरोबरी केली आणि दोन दिवस माझ्याशी बोलणं बंद होतं. म्हणून उभाच राहिलो. म्हातारा रस्ता ओलांडून आला, त्या कळकट जर्सीत, दोन्ही हात वर. मॅच संपली म्हणाला. जिंकलो म्हणाला. "टेल हर," म्हणाला.

मला हसू आलं. जन्मात पहिल्यांदा तिला गोलची बातमी मी देणार होतो. मी आत गेलो आणि बातमी दिली. टीव्हीवर पोरं एकमेकांच्या अंगावर पडत होती. तिची मान खुर्चीच्या पाठीला टेकलेली होती. वाटी मांडीवर, दाण्यांनी भरलेली. लाटणं खाली गालिच्यावर पडलेलं.

हृदय थांबलं, डॉक्टर म्हणाले. त्रास झाला नसेल म्हणाले. मी त्यांना मुलाकरवी एकच विचारलं, कधी? अंदाज सांगितला त्यांनी. मला अंदाज नको होता. मला गोलच्या आधी की नंतर, एवढंच पाहिजे होतं.

लाटणं खाली होतं, म्हणजे तिने उचललं असणार, म्हणजे गोल बघितला असणार. पण दाणे सगळे वाटीतच होते, म्हणजे बघितला नसणार. की लाटणं उगाच धक्का लागून पडलं? की आनंदात दाणे विसरली? ती दाणे विसरणारी बाई नव्हती.

"बाबा, बघितला असेल हो तिने," मुलगा म्हणाला. त्याचे डोळे सुजले होते.

"तू होतास का तिथे?"

"नाही."

"मीपण नव्हतो."

संध्याकाळी घर माणसांनी भरलं. सून रडत रडत आवराआवर करत होती. तिने ती वाटी उचलली आणि मिक्सरकडे निघाली. सवय.

"थांब," मी म्हटलं. "ते कुटाचे नाहीत. जिंकलोय आपण."

"मग खायचे, बाबा?"

"खायचेपण नाहीत अजून."

तिने वाटीवर झाकण ठेवून ती टीव्हीजवळ ठेवली. मला कोणी चहा आणून दिला. मी घेतला नाही. लोकांना वाटलं दुःखाने घेत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी उठलो. सोमवार, कचऱ्याचा दिवस. डबा ओढत रस्त्यावर नेऊन ठेवला. समोरचा म्हातारा त्याच्या दारात उभा होता. त्याला रात्री कळलं होतं. काय करावं हे त्याला समजेना. त्याने टोपी काढली, मग आपल्या गालावरून हात फिरवला आणि मला दाखवला. दाढी केली नव्हती त्याने. मी मान हलवली.

आत आलो आणि मुलाला म्हटलं, "कालची मॅच लाव. शेवटची."

"आत्ता? बाबा, लोक येतील इतक्यात."

"येऊ देत. लाव."

मी तिच्या खुर्चीत बसलो. वाटी मांडीवर घेतली. त्याने मॅच लावली. पोरं इकडून तिकडे पळायला लागली. मी बघतो आहे. मी बघितलं की गोल होत नाही. काल झालेला गोल आज माझ्यामुळे होणार नाही, असं मला खरंच वाटायला लागलं. मी उठलो.

"काय झालं?"

"मी गॅरेजमध्ये जातो. झाला की सांग."

त्याने मॅच थांबवली. माझ्याकडे बघितलं. "बाबा," तो म्हणाला, "झालेला आहे तो. बसा तुम्ही."

मी बसलो. थोरल्याकडे चकती गेली नाही. जावयाकडे गेली. तो भैताड गोलसमोर एकटा उभा होता, नेहमीसारखा. मी डोळे मिटणार होतो, मिटले नाहीत. त्याने चकती आभाळात मारली नाही. खाली मारली. जमिनीलगत, कोपऱ्यात.

माझ्या आयुष्यातला मी बघितलेला आपल्या टीमचा हा पहिला गोल.

मी वाटीत हात घातला, मूठभर दाणे मुलाच्या हातावर दिले आणि मूठभर तोंडात टाकले. सालं तिने सगळी काढलेली होती. एक दाणा खवट निघाला, तोही खाल्ला. वाटी रिकामी केली, लाटणं उचलून जागेवर ठेवलं, आणि चहा टाकला.